आबा जिवंत असताना काढलेली मिशी

त्या नाताळात जळगावात तंबूतला सिनेमा आला आणि आमच्या ह्यांची मिशी गेली.

हे कोर्टात कारकून. नाताळात कोर्टाला सुट्टी, म्हणून रोज संध्याकाळी तंबूत. खेळ विलायती होता, मुका. पडद्याच्या पुढे पुरुष बसत, मागे आम्ही बायका. पडद्याशेजारी एक गृहस्थ काठी घेऊन गोष्ट सांगत उभा. ऐन सणात घरचा धनी बायकोला टाकून दुसरीच्या नादी लागतो, एवढीच गोष्ट. पण कुणाच्या कपाळाला कुंकू नाही, गळ्यात पोत नाही, तेव्हा बायको कोणती नि दुसरी कोणती, यावरून आमच्यात वादावादी. शेजारच्या अक्का तर अर्धा खेळ भलतीसाठीच रडल्या. मला पहिल्या झटक्यात कळलं होतं. जी दाराकडे बघत बसते ती बायको! त्याला काय अक्कल लागते?

नायक मात्र देखणा, मेला. केस चापून बसवलेले, ओठावर मिशीचा मागमूस नाही. तो हसला की हा लबाड आहे हे बायाबापड्यांच्याही ध्यानात राहीना. ह्यांनी तो खेळ किती वेळा पाहिला देव जाणे.

मग एका सकाळी हे न्हाव्याकडून आले ते मिशी काढूनच. माझ्या हातातली परात खाली पडली. आमच्याकडे बाप गेला की मिशी उतरवतात, एरवी नाही. "अगं बाई, आबांना काय झालं?" मी ओरडले. आबा म्हणजे माझे सासरे, धुळ्याला राहायचे. हे म्हणाले, "आबांना काय धाड भरली आहे? नवी रीत आहे ही." आणि आरशात बघून हसले. तेच हसू हो, तंबूतलं!

तेव्हापासून माझं काळीज थाऱ्यावर नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. दिवाळीला आबा माझ्यासमोरच बोलून गेले होते की पोराचं दुसरं करावं लागेल. त्या काळात सवत आणायला कोण कुणाला विचारत होतं? तेव्हा हे गप्प बसले होते. ते गप्प बसणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं होतं.

दोन दिवसांनी इस्त्रीचा कोट घालून, अत्तर लावून हे निघाले. "धुळ्याला आबांना भेटून येतो." आबांना भेटायला अत्तर? आणि अक्कांच्या मालकांनी ह्यांना सुरतेच्या गाडीत बसताना पाहिलं. धुळ्याला सरळ सर्व्हिस मोटार जात असताना हा माणूस त्या गाडीत कशाला शिरेल? अक्का म्हणाल्या, "बाई, नजर ठेव." मी काय डोळे मिटून बसले होते?

रात्री हे परत आले, ते तोंड पाडून. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबाच आले. ओट्यावर चढण्याआधीच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "तुना बाप जित्ता शे ना? मी समोर बठेल व्हतू ना रे?" सगळी गल्ली ऐकायला जमली आणि मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. सुरतेच्या वाटेवरच्या नरडाण्याला मुलगी पाहायचा बेत होता. आबा आधीच जाऊन पाहुण्यांत बसलेले. हे आत आले तसा घरातल्या म्हातारीने ह्यांचा ओठ पाहून गळा काढला, की पोराचा बाप गेला! आणि बाप तर तिच्याच घरी चहा पीत बसलेला. मुलीच्या वडिलांनी हात जोडले: जो समोरच्या बापाला जिवंतपणी मारतो, त्याच्या घरी आमची पोर नको.

म्हणजे हे नटून गेले होते ते तिच्यासाठी. मला हसू आलं आणि त्याच दमात ह्यांच्या डोक्यात पाटा घालावासा वाटला. माझा संसार वाचवला कुणी, तर त्या बायको टाकणाऱ्या विलायती नटाने!

जाताना आबा म्हणाले, "मिशी येऊ दे. आखाजीला परत बघू."

झालं! आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लग्नाचाच मुहूर्त. तिथून माझा जीव ह्यांच्या ओठावर टांगला. रोज सकाळी चहा देताना आधी तिथे नजर. माघात काळी रेघ दिसली, होळीपर्यंत मिशी चांगली भरली, आणि माझं अन्नपाणी कमी झालं. त्यातच हे म्हणाले, "आखाजीला तू रावेरला जाशील ना?" आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके खेळते, हे खरं. पण मी तिकडे झोक्यावर आणि इकडे बोहल्यावर कोण? मी म्हटलं, "नाही जायची." आखाजीला माहेर नाकारणारी बाई आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती.

आखाजी चार दिवसांवर आली. सकाळी ह्यांनी गरम पाणी मागितलं, वस्तरा काढला आणि ओठाला साबण लावला. माझं तोंड काही राहिलं नाही. "आता कोणती बघायला निघालात?"

ह्यांनी एका दमात अर्धी मिशी उतरवली. "कोणतीच नाही. म्हणून तर काढतोय." मग उरलेली काढली आणि ओठ पुसला. "जा आता रावेरला. बिनघोर जा."

मी चुलीपाशी जाऊन पदरात तोंड घालून रडले. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यासाठी आबांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्या क्षणी हा माणूस मला फार आवडला.

तरी त्या आखाजीला मी माहेरी गेले नाही.