मुलगा येईपर्यंत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही, पण आता राहवत नाही.

मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते. विद्यार्थ्यांना आत्मचिंतन लिहावं लागतं — काय घडलं, मला काय वाटलं, मी काय शिकलो. पोरं त्याला ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात आणि आदल्या दिवशी उरकून टाकतात. “खरं लिहा,” मी बजावते. आणि नमुना म्हणून माझंच वाचून दाखवते, इंटर्न असताना लिहिलेलं.

वाघोलीच्या एक आजी. उपचार संपले होते. सर म्हणाले, “मुलगा येईपर्यंत जवळ बस.” मी बसले, त्यांचा हात हातात घेतला, त्या “बाळा” म्हणाल्या आणि शांतपणे गेल्या. असं लिहिलंय. वर्गात डोळे पुसले जातात.

विचित्र काय सांगू? मला ते आठवतं. तो हात — कोरडा, हलका, बोटात सैल झालेली अंगठी. मी तो कधी धरलाच नव्हता, तरी वाचताना माझा तळवा गरम होतो. न घडलेलं अंगाला आठवतं कसं?

यंदा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, आवाज कसा होता त्यांचा?” मी ‘बाळा’ म्हणून दाखवायला तोंड उघडलं. आणि माझ्याच घशातून, घोगरं, थकलेलं काहीतरी आलं — “कोण हाय तिथं?”

हा आवाज मी विसरले होते... की विसरलेच नव्हते?

तर — मी बसले नाही. खाटेभोवतीच्या पडद्याबाहेर उभी राहिले. मला मरणाची भीती वाटत होती. भर दुपार होती, मागच्या खिडकीतून ऊन येत होतं, माझी सावली पडद्यावर पडली असावी. आतून आजी म्हणाल्या, “कोण हाय तिथं? ये की बाई, बस जरा.” मग पडदा हलला. आतून त्यांची बोटं चाचपडत होती, कापडावर उमटत होती, माझ्या पोटाजवळ. मी मागे सरकले. त्या विचारत राहिल्या. नंतर विचारायच्या थांबल्या.

मुलगा आला. “मी शेवटपर्यंत जवळ होते,” मी म्हणाले. तो माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.

तेव्हाच खरं लिहिलं असतं, तर निदान स्वतःला तरी ओळखलं असतं. आजही कुणी जायला टेकलं की मी ज्युनिअरला पुढे करते.

आणि एक राहिलंच. त्या विचारत होत्या तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. तिथं कुणीच नाही, असं त्यांना वाटावं म्हणून.