अभ्र्याच्या आतला हात

आई गेली तेव्हा उशीचा अभ्रा अर्धाच भरून झाला होता. त्यावर समोरासमोर दोन पोपट. एक पुरा भरलेला, दुसऱ्याचं नुसतं डोकं आणि गळा. बाकीचा पोपट कार्बन पेपरच्या निळ्या रेघांतच राहिला होता. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, आणि हा अभ्रा तिच्या रुखवतात मांडायचा होता. बाजारात असले अभ्रे ढिगाने मिळतात, पण बहीण हटून बसली. "मले आईचाच पाहिजे."

कापड हाती घेतलं की मात्र ती रडायची, मग टाका कुठला दिसणार? मला रडूच येत नव्हतं. स्मशानात नाही, तेरवीला नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसा मी आतून झालो होतो. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मी अहेरीला लाकडाच्या डेपोत कामाला. सुट्टीत सावलीला, आमच्या गावी, घरी आलो की शेजारच्या काकूंकडे शिकायला बसायचो. त्या आईच्या मैत्रीण. मला सुई ओवताना पाहून त्यांनी सुनेला हाक मारली, "पाह्य वं, पोरी ट्रॅक्टर चालवून राह्यल्या अन् हे पोट्टं सुई धरून राह्यलं!" सून हसली. एरवी मीही हसलो असतो.

आधी जुन्या धोतराच्या तुकड्यावर धावदोरा. तो उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा. मग उलटी टीप, मग साखळी टाका. साखळीत दोऱ्याचा फास अंगठ्याखाली धरायचा आणि सुई त्यातून वर काढायची. मी दोरा इतका ओढायचो की कापडाला चुण्या पडायच्या.

"अरे, लाकडाचा गठ्ठा बांधून राह्यला का? ढील दे."

मी ढील दिली. हळूहळू साखळी जमली. आनंद झाला नाही, कंटाळाही आला नाही. त्या दिवसांत भात काय आणि दोरा काय, मला सगळं सारखंच होतं.

शेवटी अभ्रा हाती घेतला आणि दिवसभर बसून पोपटाचा पंख भरला. संध्याकाळी उशी घालून पाहिली तर ती आत जाईना. वरचं आणि खालचं कापड मी एकातच शिवून टाकलं होतं.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या, मग अभ्रा हातात घेऊन म्हणाल्या, "सारे आधी कापड भरतात, मंग अभ्रा शिवतात. तुह्या मायचं उलटं. ते आधी अभ्रा शिवून घेई. म्हणे, पोपट उशीवर कुठी येते ते मंग दिसते."

"मग तिचं कापड कसं नाही अडकायचं?"

"डावा हात आत घालून बसे ना. सुई बोटाले लागली का समजे, आता वर घ्यायची."

मी पंख उसवला. डावा हात अभ्र्यात घातला आणि पुन्हा सुरुवात केली. सुई पहिल्या बोटाला टोचली, दुसऱ्यांदा तिथेच टोचली. तेव्हा आठवलं, लहानपणी ताप आला की आई कपाळावर डावा हात ठेवायची, आणि तिचं ते बोट खरखरीत लागायचं. मला वाटायचं, भांडी घासून तसं झालं असेल. आता खरं कारण कळलं. पण कळलं तेवढंच. मी पंख भरत राहिलो, मग शेपूट भरली.

रुखवतात उशी मधोमध ठेवली होती. कुणी बाईने विचारलं, पोपट कोणी भरले? काकू म्हणाल्या, "मायलेकानं." लोकांनी वाकून वाकून पाहिलं. मी वाढपाकडे निघून गेलो.

पाठवणीच्या वेळी बहीण सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत होती. मग माझ्यापाशी आली. तिचे डोळे पुसावेत म्हणून गालावर डावा हात ठेवला. ती एकदम थांबली. माझा हात तिने दोन्ही हातांनी तिथेच धरून ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "तुह्यं बोट आईसारखं टोचून राह्यलं."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं. कितीतरी वेळ आवरेना. मांडवातल्या लोकांना वाटलं, बहीण सासरी चालली म्हणून रडतो आहे.