तीन नंबर उडणार नाही

भाडेकरू गाळा सोडून जातो तेव्हा मागे काय काय टाकून जातो, ते आम्हा भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोडाऊनवाल्यांना विचारा. मोडकी पॅलेटं, गेल्या वर्षाचं कॅलेंडर, तीन पायांची खुर्ची. आमच्या मागच्या गाळ्यातून विमानवाले गेले, तर ते किस्से टाकून गेले. झाडू मारायला आत शिरले की एखादा पायात येतोच! भंगारवाला किस्से नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

विमानवाले म्हटल्यावर हसू नका. इथं विमानं उडत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. एक उडायला शिकवायची शाळा होती, तिची विमानं लांब कुठल्याशा धावपट्टीवर. तीनच होती, चार-चार माणसांची, आपल्या इको गाडीला पंख लावल्यासारखी. त्यांचे सुटे भाग आणि सगळे कागद मात्र आमच्या गाळ्यात, कारण आमच्याकडे जागा स्वस्त.

गाळ्यात माणसं दोन. एक यूनुस चाचा, स्टोअर सांभाळायचे, त्याआधी पंचवीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त करणारे. दुसरा संदेश जाधव, आमच्याच बिल्डिंगमधला, माझ्या भिंतीला भिंत. कुठलं विमान कधी तपासणीला उभं करायचं हे तो ठरवायचा. आणि मालक होते कॅप्टन साहेब, ते महिन्यातून एकदा यायचे, काळा चष्मा लावून.

माझं शिक्षण नववीपर्यंत, पण चौकशी पार पदवीपर्यंत! चार वाजता चहा घेऊन मी जायचे. चहा हे निमित्त.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "संदेश, तू नक्की करतोस काय?"

त्यानं भिंतीवरचा पांढरा बोर्ड दाखवला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पुढं आकडे. "काकी, पन्नास तास उडलं की एक तपासणी, शंभर तासांनी मोठी, वर्षाची वेगळी. किती तास उरले ते इथं लिहायचं. शून्य झालं की विमान उभं. ही झाली ठरलेली."

"आणि न ठरलेली?"

"पक्षी आपटला, वीज पडली, विमान जोरात टेकलं, तर तास कितीही उरलेले असोत, आधी उघडून बघायचं."

मला पटकन कळलं. ठरलेली म्हणजे दिवाळीला आपण माळा आवरतो तशी. न ठरलेली म्हणजे मांजर दुधात तोंड घालून गेल्यावर भांडं घासतो तशी. मी तसं बोलून दाखवलं.

संदेश म्हणाला, "बरोबर काकी. फक्त आमच्याकडे मांजर गेलं की साहेब विचारतात, दूध सांडलं का? नाही ना? मग घासायचं कशाला?"

*

विमानात म्हणे दोन घड्याळं असतात. एक इंजिन सुरू झालं की लगेच पळायला लागतं. दुसरं आरामात चालतं, इंजिन जोरात फिरलं तरच पुढं सरकतं.

शिकणाऱ्या पोरांची फी पळत्या घड्याळावर. विमानाची तपासणी आरामवाल्यावर!

मी म्हटलं, "अरे, ही तर लबाडी!"

"नाही काकी, नियमात बसतं," संदेश बोर्ड पुसत म्हणाला. "लबाडी असती तर तक्रार तरी करता आली असती."

*

एकदा शंभर तासांची तपासणी झाली. तीन दिवस विमान उघडून ठेवलं, काहीच निघालं नाही. कॅप्टन साहेब गाळ्यात येऊन ओरडले, "काही नव्हतंच, तर उघडलं कशाला?"

पुढच्या तपासणीत धुराच्या पाइपाला चीर निघाली. धूर आत आला असता तर चालवणारा बसल्या जागी झोपला असता. आता तरी शाबासकी मिळेल म्हणून मी मुद्दाम थांबले.

साहेब म्हणाले, "बघ! उघडलंस म्हणून निघालं!"

हे मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. आमचा टेम्पो तेव्हा सहा महिने खडखडत होता. हे जेवता जेवता म्हणाले, "बराबर बोलला तो. चालतंय ना? मंग कशाला खोलाचा?"

चार दिवसांनी टेम्पो कशेळीच्या पुलावर बंद पडला. मागं रांग लागली ती पार ठाण्यापर्यंत. माझ्याकडे न बघता ह्यांनी फोन कोणाला लावला? संदेशला!

*

आता हा माझ्या स्वतःच्या पापाचा किस्सा.

दसऱ्याला विमानांची पूजा करायची म्हणून साहेबांनी सामान मागवलं. मी हौसेनं झेंडूचे हार, नारळ, हळदकुंकू आणि चांगल्या वासाच्या अगरबत्तीचा पुडा पाठवून दिला. तिकडं पूजा थाटात झाली. आता अगरबत्ती खोचायची कुठं? केळं कोणी आणलं नव्हतं. कोणालातरी पंखाखाली एक बारीक नळी दिसली, तोंडाशी भोक, अगरबत्तीच्या मापाचं! देवानंच केल्यासारखं. खोचली.

त्याच नळीतून वारा आत जातो आणि वेगाचा काटा हलतो.

दुसऱ्या दिवशी एक नंबर धावपट्टीवर सुसाट निघालं आणि काटा शून्यावर! चालवणारा शहाणा, त्यानं ब्रेक मारला. नळीत राख आणि काडीचा तुकडा. झाली न ठरलेली तपासणी.

फॉर्ममध्ये रकाना होता, तपासणीचं कारण. संदेशनं लिहिलं, "पूजा."

साहेबांचा फोन आला. "असं लिहितात का? भावना दुखावतील लोकांच्या!"

"मग काय लिहू साहेब?"

"लिही, बाहेरची वस्तू."

पुडा माझा होता हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर मी दिवा लावला, अगरबत्ती नाही.

*

यूनुस चाचांचा एकच कायदा होता. प्रत्येक सुट्या भागाबरोबर कागद हवा, तो कुठं बनला, कोणी तपासला. साहेबांनी एकदा कुठून तरी ब्रेकचा एक भाग आणला, चकचकीत, पण कागद नाही.

"चाचा, स्टॉकमध्ये घ्या."

"जी साहब."

पुढच्या महिन्यात साहेब आले तर तो भाग चाचांच्या टेबलावर, पंख्यानं उडू नयेत म्हणून पावत्यांवर ठेवलेला!

साहेब लालेलाल. "ये क्या है?"

चाचा उठून उभे राहिले. "साहब, इसका काग़ज़ नहीं है, तो हमने सोचा, कम से कम दूसरों के काग़ज़ संभाले."

साहेब काळा चष्मा चढवून निघून गेले. पण त्या दिवाळीला मिठाईचा डबा फक्त संदेशला आला. संदेशनं तो चाचांच्या टेबलावर उघडला, आणि पहिला पेढा मी उचलला.

*

संदेश अकरा वर्षं विमानांच्या तारखा लावत होता, पण कधी विमानात बसला नव्हता. साहेब दरवेळी म्हणायचे, "ही तपासणी वेळेत काढ, तुला एक चक्कर माझ्यातर्फे!" अशा किती चकरा साठल्या ते तोच जाणे.

शेवटी एकदा खरंच बोलावणं आलं. त्याच्या बायकोनं, रूपालीनं शर्टाला कडक इस्त्री केली. नवे बूट घेतले. सकाळी मी औक्षण केलं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं (मीच सांगितलं होतं).

संध्याकाळी हा परत आला, चेहरा नेहमीसारखा.

"कसं वाटलं रे वरून?"

"वर गेलोच नाही काकी. पट्टा लावला होता. सवयीनं घड्याळाकडे नजर गेली. तपासणीला अर्धा तास उरला होता आणि चक्कर चाळीस मिनिटांची. उतरलो."

रूपाली आतून म्हणाली, "ऐका! स्वतःच उतरले!"

माझाही जीव तुटला. "अरे मेल्या, दहा मिनिटांनी काय विमान पडणार होतं?"

"पडलं नसतं," तो बुटांची नाडी सोडत म्हणाला. "पण उद्या साहेबांनी दहा मिनिटं मागितली, तर मी नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

बूट त्यानं परत खोक्यात ठेवले.

*

आणि मग तीन नंबर.

एका सोमवारी तिकडच्या, विमानं ठेवायच्या हँगरवरच्या मेकॅनिकनं संदेशला फोटो पाठवला. तीन नंबर आदल्या दिवशी नाकावर आपटून उतरलं होतं, इंजिनामागच्या पत्र्याला सुरकुती पडली होती. शिकवणाऱ्यानं विमानाच्या नोंदीच्या पुस्तकात लिहिलं होतं, उतरणं नॉर्मल. कारण जोरात आपटलं असं लिहिलं की चाकं, इंजिनाचे सांधे, सगळं उघडून बघावं लागतं, आणि तो आठवडा पोरांच्या परीक्षेच्या उड्डाणांचा होता.

संदेशनं बोर्डावरचे बावीस तास पुसले आणि लाल पेननं लिहिलं, "तीन नंबर उडणार नाही."

मंगळवारी कॅप्टन साहेब स्वतः गाळ्यात. महिना भरायच्या आधीच! चाचा आणि मी चहाचे कप हातात धरून उभे.

"पुस्तकात नॉर्मल आहे ना?"

"फोटोत नाही साहेब."

साहेबांनी डस्टर उचललं, लाल पुसलं, बावीस लिहिलं. संदेशनं बावीस पुसलं, लाल लिहिलं. साहेबांनी पुन्हा पुसलं. ह्यानं पुन्हा लिहिलं. दोघंही शांतपणे, शाळेत सुविचार लिहितात तसं!

साहेब हसले. "अरे, कधी विमानात बसलायस तरी का?"

"बसलोय साहेब. उतरलोय."

चाचांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"विमान ठीक आहे म्हणून सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. सही करणारे मला बाहेर पन्नास मिळतील."

संदेशनं पेनाला टोपण लावलं, पेन जागेवर ठेवलं, डबा घेतला.

साहेब मागून ओरडले, "गुरुवारी मी माझ्या बायकोमुलांना ह्याच विमानातून शिर्डीला नेतो! स्वतः चालवत! मग ये माफी मागायला!"

सही बुधवारी दुपारी मिळाली, बाहेरच्या कुणाची तरी. चाचांनीच फोन करून सांगितलं, आणि "हमारा भी हिसाब कर दो" असं साहेबांना म्हणून तेही घरी बसले.

पुढचं आधीच सांगून टाकते. शाळेनं संदेशला परत बोलावलं नाही. दुसऱ्या शाळांत तो जिथं जाई, तिथं त्याच्याआधी साहेबांचा फोन पोचलेला. पाच महिने घरी होता. आता समोरच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टच्या तपासण्या लावतो. परवा तिथला मॅनेजर त्याला विचारत होता, "चालतोय ना? मग उघडायचा कशाला?" मी खिडकीतून ऐकलं.

तर बुधवारची संध्याकाळ. नोकरी गेलेला माणूस चिडेल, शिव्या देईल. हा जिन्यात बसून मेकॅनिकला फोन लावतोय, तो उचलत नाही. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "जाऊ दे ना. त्याचं विमान, त्याची माणसं."

"काकी, त्याची धाकटी सहा वर्षांची आहे."

मग त्यानं साहेबांना मेसेज लिहिला. मी वाकून वाचला, मला सवयच आहे. "साहेब, माझं राहू द्या. मुलांना त्यातून नेऊ नका." दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला. उत्तर आलं नाही.

गुरुवारी सकाळी मला ठाण्याला डोळे दाखवायला जायचं होतं. घरातून निघताना देवापुढं उभी राहिले, आणि त्या दिवशी वर्षभरानं अगरबत्ती लावली. शेअर रिक्षा कशेळीला मेट्रोच्या खांबापाशी नेहमीसारखी अडकली. आमची ठाण्याकडची रांग हलेना, भिवंडीकडे जाणारी तर त्याहून नाही. समोरून येणाऱ्या रांगेत एक मोठी पांढरी गाडी अगदी माझ्या कोपराला लागून थांबली. मागच्या सीटवर एक बाई, मांडीवर हारांची पिशवी. शेजारी दोन मुलं, धाकटी काचेला नाक लावून बसलेली.

स्टिअरिंगवर काळा चष्मा.

मी गप्प राहते होय! हात लांब करून काच वाजवली. काच खाली आली.

"कॅप्टन साहेब! शिर्डी ना? मग विमान?"

साहेबांनी आधी बायकोकडे बघितलं, मग पुढच्या ट्रककडे.

"हँगरमध्ये आहे. म्हटलं, जरा उघडून बघा. सहजच." मग चष्मा नीट केला आणि म्हणाले, "आज वारा फार आहे ना, ताई."

मी वर बघितलं. समोरच्या गोडाऊनवरचा झेंडा काठीला चिकटून बसला होता.