'कम राउंड'चे तीन अर्थ

परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या नर्सना मी दुपारी शिकवते. ड्युटी संपवून आलेल्या त्या बायका पेंगत असतात आणि इतकी वर्षं तेच तेच सांगून मीही दमलेली असते. परवा फळ्यावर 'कम राउंड' लिहिलं आणि तीन अर्थ सांगितले. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येणं, कुणाकडे सहज घरी येणं, आणि विरोध सोडून राजी होणं.

"प्रत्येक अर्थाचं एक वाक्य लिहा," म्हटलं. शेवटच्या बाकावरच्या शैलजाची वही कोरीच राहिली.

"काय गं, जमत नाही?"

"जमतंय, बाई. पण तिन्ही वाक्यांत अण्णाच येतायत."

अण्णा म्हणजे तिचे वडील. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं म्हणून सहा वर्षं ते तिच्या घरी फिरकले नव्हते. आता पक्षाघाताने ते तिच्याच हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होते आणि ती रोज त्यांची कूस बदलत होती.

हातातला खडू खाली ठेवून मी तिच्याशेजारी बसले. आजवर मी शब्दांचे अर्थ सुटे सुटे करून वाटत आले. माणसाला मात्र ते सगळे एकाच वेळी हवे असतात.

"तिन्ही कशाला, पहिला खरा झाला तरी पुरे," शैलजा म्हणाली. "डोळे उघडून मला 'चालती हो' म्हणाले, तरी चालेल."