पाठीवरचा खो

सुरतेतल्या उधन्याच्या मैदानावर हिलाल सोनवणेला नावाने फारसं कुणी ओळखत नसे. 'खांबवाला' म्हटलं की लोक लगेच त्याच्याकडे बोट दाखवत. खो-खोत खांबाच्या आडोशाने निसटणाऱ्या गड्याला आडवा सूर मारून टिपावं ते हिलालनेच. हा सूर तो अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावी, शाळेच्या अंगणात शिकला होता. शिकताना दोनदा हनुवटी फुटली, पण सूर काही सुटला नाही.

दहावीची पायरी चढता आली नाही म्हणून तो सुरतेला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात लागला. सोबत त्याचा वर्गमित्र शालिग्राम होता. दोघांनी उधन्यात खान्देशी पोरांचा संघ उभा केला. वखारीतून दोन लाकडी खांब आणून रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत पुरले. मग दर रविवारी सकाळी, रात्रपाळी करून आलेले कारीगरसुद्धा डोळे चोळत तिथे हजर. आठवडाभर संचांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात वाकलेली माणसं त्या दोन खांबांमध्ये हरणासारखी सुटायची. हिलालचं लग्न झालं, दोन लेकरं झाली, केस विरळ झाले, तरी रविवार चुकला नाही. त्याची बायको मंदा म्हणायची, "माझ्याआधी त्या खांबाशी लगीन लागलंय ह्यांचं."

चौऱ्याण्णव साली गणपती बसवून उठवले न उठवले तोच सुरतेत प्लेग आला. खाती बंद पडली, जो तो गावाकडे पळत सुटला. हिलालही बायको-लेकरांना घेऊन भुसावळच्या गाडीत कसाबसा शिरला आणि गावी येऊन पडला.

गावात काम नव्हतं आणि आवाजही नव्हता. ज्वारी निसवत होती, दुपारी कुत्रं भुंकलं तरी गल्लीभर ऐकू जायचं. दुसऱ्याच दिवशी जेवताना आई हिलालवर वैतागली, "काबरं इतला वरडी ऱ्हायना रे? मी काय बहिरी शे का?"

मंदा हसली. "सासूबाई, सुरतेत समदे असंच बोलतात. नाहीतर कोणाला ऐकूच येत नाही."

पण हे बोलताबोलता तिचं हसू मावळलं. संध्याकाळी हिलाल ओट्यावर दोर वळत बसला होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो." तो वळला नाही. "अहो, चहा." तरी नाही. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच, तेव्हा त्याने दचकून पाहिलं.

"कधी आलीस?"

"मगापासून उभी आहे," मंदा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

सुरत सावरली तसे ते परतले. डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं. म्हणाले, नस मेली ती काही परत येत नाही. दुसरं काम बघ, नाहीतर उरलेलंही जाईल. दुसरं काम कुठलं येत होतं त्याला? कानात कापसाचे बोळे कोंबून तो पुन्हा संचांसमोर उभा राहिला. संघात मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही. खो द्यायचा तर पाठीवर हात पडतोच की. ऐकू आलं काय, न आलं काय!

पौषातल्या सामन्यांत गाठ पडली पांडेसऱ्याच्या संघाशी. हिलाल खांबाजवळच्या चौकोनात बसला होता. मागून वाल्मिक पळत आला. संघातला तो सगळ्यात चपळ. त्याला पुढच्या चौकोनातल्या गड्याला खो द्यायचा होता, पण पाय अडखळला आणि त्याची बोटं हिलालच्या पाठीला नुसती घासून गेली. खो काही त्याने म्हटला नव्हता.

हिलाल उठला. डोळ्यांसमोर पळणारा गडी, पलीकडे खांब. त्याने सूर मारला. असा सूर त्याला बऱ्याच दिवसांत जमला नव्हता. गड्याच्या टाचेला बोटं लागली आणि तो मातीत घसरत गेला. उठून छाती झटकत त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं, तर टाळी वाजवायला कुणी नाही. सगळे जागच्या जागी थांबलेले. पंचाच्या तोंडात शिट्टी होती आणि गाल फुगलेले होते. ती शिट्टी केव्हापासून वाजत होती कोण जाणे.

ज्याला त्याने शिवलं होतं तो पोरगेला गडी संकोचून म्हणाला, "काका, सीटी तो क्यारनी वागी गई." म्हणजे शिट्टी कधीचीच वाजून गेली होती.

सामना हिलालच्या संघाने जिंकला, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. वाल्मिकने तर दोष स्वतःवरच घेतला. पण पुढच्या आठवड्याच्या सरावात हिलालला खो देताना जो तो पाठीवर धपाटा घालू लागला. कुणी ठरवून सांगितलं असावं. धपाट्यासाठी पळणाऱ्याला क्षणभर थबकावं लागे, हात उगारावा लागे, आणि तेवढ्यात समोरचा गडी दिशा बदलून मोकळा. हिलालने दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. मग उठून चौकोनाबाहेर आला.

"शालिग्राम, मी थांबतो."

"काय झालं?" शालिग्रामने मुद्दाम तोंड त्याच्याकडे करून विचारलं.

"माझ्यासाठी तुम्ही हळू झालात."

"अरे, वीस वर्षं सोबत खेळलो आपण. एवढं चालायचंच."

"शाळेत कुणी माझ्यासाठी हळू झालं असतं तर तूच त्याला मारलं असतंस."

 शालिग्रामने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाला, "फायनलला पळती तरी कर. बसायच्या वेळी बदली देऊ. मी बोलतो पंचांशी."

पळतीला कान लागत नाहीत, डोळे लागतात. फायनलला हिलाल शेवटच्या तुकडीत उतरला. सचिन गावच्या संघाची पोरं एकापाठोपाठ एक खो घेत त्याच्या मागे लागली, आणि तो त्यांच्यातून पाण्यासारखा वाहत राहिला. कडेला मंदा दोन्ही लेकरांना घेऊन उभी होती. तिचं तोंड उघडमीट होताना दिसत होतं. ती ओरडतेय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. शेवटी दम संपला. एका लांब हातांच्या पोराने त्याला खांबापाशी गाठलं. हिलालने वाकून खांबाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि बाहेर आला.

सामना ते हरले. मंदाने पाण्याचा तांब्या दिला.

"काय ओरडत होतीस गं?"

"काही नाही. पळा म्हणत होते."

पुढे कित्येक रविवारी त्याला पहाटेच जाग यायची. मग तो मंदाबरोबर भाजी आणायला जायचा, पण मैदानाच्या रस्त्याने नाही, लांबच्या वळणाने. संघाची हिरवी बनियन मंदाने धुऊन पेटीत ठेवली होती. उन्हाळ्यात त्याने ती काढली आणि अंगात घालून कामावर गेला.

"अहो, ती कशाला? खराब होईल," मंदा म्हणाली.

"कापडच आहे," तो म्हणाला, नेहमीसारखाच मोठ्याने.

दोनेक वर्षं त्याने ती खात्यात वापरली. तेलाचे डाग पडले, पाठीवरचा आकडा पुसट होत गेला, आणि शेवटी काखेत विरली.