एफीबाईंची पक्षाची खूण

सकाळी एफी ड्रेव्हर ओट्यापाशी चीज रोल वळत बसल्या होत्या. गावचं छोटं प्रसूतिगृह बंद होणार अशी कुणकुण होती, म्हणून बायकांनी निधी जमवायला घेतला होता. न्यूझीलंडच्या त्या दक्षिण टोकाला एफीबाईंच्या हातचे रोल हातोहात खपत. त्यांची नात पोटुशी होती, आणि शहरातल्या इस्पितळाचा रस्ता थंडीत बर्फाने निसरडा. जीव टांगणीला लागला होता.

दार वाजलं. गमबूट बाहेर काढून मोज्यांवरच आत आला तो शेजारचा फर्गस, निवडणुकीचा उमेदवार. प्रसूतिगृहासाठी तोच एकटा भांडत होता.

"आँटी, मत मलाच ना?"

"तुलाच रे! मतपत्रिकेवर दोन खुणा करायच्या असतात ना? उमेदवाराची खूण तुला, पक्षाची खूण समोरच्या पक्षाला. दरवेळी तसंच करते. कुणाला वाईट नको वाटायला."

फर्गसने कपाळावर हात मारला. "अहो, ती काय उरल्यासुरल्याची खूण आहे? कुणाच्या किती जागा, ते तिच्यावरच ठरतं!" त्याने ताट पुढे ओढलं. "हे दहा रोल म्हणजे संसदेतल्या दहा जागा समजा. देशभरात पक्षाच्या खुणा आम्हाला चाळीस टक्के पडल्या, तर आमचे रोल किती?"

"चार."

"त्यातले तीन आमच्या लोकांनी आपापल्या मतदारसंघात जिंकलेले. मग चौथा पक्षाच्या यादीतून."

"आणि मतदारसंघातच चार जिंकलात तर?"

"मग यादीतला कुणी नाही."

एफीबाईंचा हात थांबला. "म्हणजे इतकी वर्षं जेवायला मी तुम्हाला बोलावत होते आणि पातेलं समोरच्यांकडे धाडत होते!"

"तेच तर!"

"पण इथे तू पडणारच की रे."

"तोंडावर सांगता? पडलो तरी यादीत माझं नाव वर आहे. पक्षाला पुरेशा खुणा मिळाल्या, तर जाईन वेलिंग्टनला."

"हरलेला माणूस संसदेत? मागच्या दाराने?"

"दार पुढचंच हो. फक्त ते सगळ्या देशाने उघडायचं."

एफीबाईंना मोठी गंमत वाटली. "बरं, असा माणूस मग कुठल्या गावाचा?"

"तसा कुठल्याच गावाचा नाही. ऑफिस कुठेही थाटता येतं. बहुतेक जण शहरातच थाटतात."

एफीबाईंनी ॲप्रनला हात पुसले.

"दोन्ही खुणा तुम्हाला. माझं एकच मागणं आहे. इथे हरून वेलिंग्टनला गेलास, तरी तुझं ऑफिस आपल्याच गावात उघड, प्रसूतिगृहाच्या समोर."