स्नुषा, स्नुखा आणि भात

सासरे पहिल्यांदा आयर्लंडला आले ते २००७ साली. पुण्याच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस. ॲडम्सटाउनच्या आमच्या घरात त्यांना बोलायला कोणी मिळेना. मग त्यांना वरच्या खोलीतली आमची पोलिश भाडेकरू सापडली. ती स्लाव्ह भाषांच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होती. झालं!

त्या आठवड्यात नवरा कामासाठी कॉर्कला होता. बॉल्सब्रिजच्या ऑफिसातून मी भिजत घरी आले, तर जेवणाच्या टेबलावर कागदच कागद.

"बाबा, भात लावलात?"

"अगं, आधी हे ऐक. आपली सून, संस्कृतात स्नुषा. हिच्या पूर्वजांकडे स्नुखा! आपला ष, त्यांचा ख."

"त्या शब्दाआधी चांदणी लावायची," भाडेकरू इंग्रजीत म्हणाली. "तो लिहिलेला कुठेच सापडत नाही. नंतरच्या भाषांवरून जुळवलाय."

मी ओल्या कोटातच उभी. सासऱ्यांचं म्हणणं, मूळ सूनु, म्हणजे मुलगा. मुलाची ती सून. भाडेकरू म्हणे, ते सिद्ध नाही, काहींच्या मते मुळात 'बांधणे' असा धातू आहे. शिवाय शब्दाचा शेवट आधी पुल्लिंगी वळणाचा होता, अर्थ मात्र बाईचा. पुढे स्लाव्हांनी त्याला बायकी 'आ' लावून टाकला.

"म्हणजे मालेसारखा चालतो!" सासरे खुशीत म्हणाले. "चालव बरं. स्नुषा, स्नुषे, स्नुषाः..."

माझं डोकंच फिरलं.

"सुनेने तांदूळ धुतले, सुनेने कुकर लावला, सुनेला कोणी चहा विचारला नाही. झाल्या विभक्त्या! कागद उचला."

सासरे हळूच म्हणाले, "अगं, तुझ्याबद्दलच तर चाललं होतं."

"माझ्याबद्दल नाही, बाबा. माझ्या नात्याबद्दल. मी मघापासून इथे उभी आहे."

त्यांनी कागद गोळा केले. भाडेकरूने लाल चेहऱ्याने ताटं मांडली. जेवताना कोणी व्याकरणाचा व काढला नाही, आणि तेही मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी घरी आले, तर दारातच करपल्याचा वास. कुकरच्या तळाला भात चिकटलेला, आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघतायत. मी वरवरचा पांढरा भात वाढून घेतला, एक घास खाल्ला.

"ग्रँड," इथले लोक 'छान, चालेल' अशा अर्थी म्हणतात तसं मी म्हटलं.

सासऱ्यांनी लगेच भाडेकरूकडे बघितलं. "याचं मूळ काय गं?"